कोनची उलट?

तो गेला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हे आधीच सांगून टाकते. गेला म्हणजे वारला नाही हो. सानपाड्याचा फ्लॅट मुलाला देऊन जासईला, गावच्या घरी राहायला गेला. आमच्या विणकामाच्या मंडळात निरोपाचे पोहे झाले, बायकांनी डोळे पुसले आणि मी मनात म्हटलं, सुटले बाई एकदाची. पुढच्या मंगळवारी हॉलवर गेले तर त्याची खिडकीजवळची खुर्ची रिकामी, आणि मला काही केल्या विणायला सुचेना. जळायलासुद्धा माणूस समोर लागतं. नसलं की पंचाईत होते.

तोंडावर मी त्याला 'अहो काका' म्हणायचे. माझ्याहून जेमतेम चार वर्षांनी मोठा, पण मुद्दाम काका. बाकीच्या बायका 'दादूस' म्हणायच्या, त्याच्या आगरी बोलीत थोरल्या भावाला तसं म्हणतात. लिहिताना मात्र सरळ 'तो' लिहिते आहे. ज्याचा मनापासून हेवा वाटतो त्याला अहोजाहो करणं मला तरी जमत नाही.

हेवा कसला, तर विणण्याचा. हसा खुशाल. बाप्या माणूस, तोही महाप्याच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर असलेला, आणि माझ्याहून बरा विणायचा. बरा काय, कितीतरी बरा. हे लिहायला मला दोन दिवस लागलेत.

मंडळ माझं. म्हणजे मी सुरू केलेलं. अठ्ठावीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आणि सोसायटीच्या हॉलमध्ये मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी आठ बायका जमवल्या. सगळ्यांना विणता यायचं, पण नवे नमुने असतात इंग्रजीत. एक तारा, दोन कंस, चार आकडे आणि मधे नुसती अक्षरं. ते वाचून मी मराठीत उतरवून काढायचे, त्याच्या झेरॉक्स काढायचे आणि वाटायचे. 'मॅडम, इथे काय करायचं?' 'मॅडम, हे बघा ना.' दुपारभर नुसतं मॅडम मॅडम. घरी मला कोणी काही विचारत नव्हतं तेव्हा. नवरा टीव्हीला विचारायचा आणि लेक मोबाईलला. त्यामुळे त्या कागदांवर माझा किती जीव होता ते मी कोणाला सांगायला गेले नाही.

आणि एका शुक्रवारी हा दारात उभा. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातात औषधाच्या दुकानाची पिशवी. पिशवीत लोकरीचा एक करडा गोळा आणि दोन सुया. सुयासुद्धा विकतच्या नाहीत. सायकलच्या चाकाच्या तारा ग्राइंडरवर घासून त्याने स्वतः केलेल्या.

"हितं वीनकाम चालतंय ना?" त्याने विचारलं.

"चालतं. पण बायकांचं आहे," मी म्हटलं.

"चालंल मना," तो म्हणाला आणि थेट बेसिनकडे हात धुवायला गेला.

हात धुणं हे एक प्रकरणच होतं. तीन वेळा साबण, कोपरापर्यंत. मग हात वर धरून वाळवायचे, टॉवेल नाही, कारण टॉवेलचे धागे लोकरीला लागतात म्हणे. तीस वर्षं ग्रीसमध्ये बुडालेले हात, त्यामुळे आपल्या हातावर त्याचा विश्वासच नव्हता. मधे चहा आला तर प्यायचा नाही. प्यायलाच तर पुन्हा तीन वेळा साबण. आमच्या हॉलच्या साबणाच्या वड्या महिन्याला दुप्पट लागायला लागल्या आणि मी तेही एकदा मीटिंगमध्ये काढलं. पाटकर वहिनी, म्हणजे आमच्या मंडळातल्या सगळ्यात बोलघेवड्या बाई, पुढच्या वेळी घरून सहा वड्या घेऊन आल्या. मला उद्देशून नव्हे, त्याच्यासाठी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

विणायला शिकला कुठे, तर कारखान्याच्या गेटवर. टाळेबंदी झाली होती, पाच महिने सगळे कामगार गेटसमोर मांडव घालून बसलेले. पत्ते खेळून कंटाळला. गेटवरचा वॉचमन गढवालचा, तो बसल्या बसल्या स्वेटर विणायचा. "तो आत, मी भायेर, मधी जाली," तो सांगायचा. "जालीतनं त्यानं मना टाके दाखवले. मालकाचा मानूस तो, आमाला आत सोडायचा नाय, पन शिकवायचा." कामगार हसले, काहींनी बांगड्या आणून देऊ का म्हणून विचारलं. याने लक्ष दिलं नाही. टाळेबंदी उठली तेव्हा त्याला चौदा नमुने येत होते.

बरं, विणून करायचा काय? काही नाही. हे मला वर्षभर कळलंच नाही. हातभर तुकडा विणायचा, नमुन्याची उकल झाली, सगळं जिथल्या तिथे बसलं की त्याकडे एकदा डोळे बारीक करून बघायचा, 'हां' म्हणायचा आणि सर्रकन उसवून टाकायचा. तोच करडा गोळा, तीच लोकर, पुन्हा पहिल्यापासून. बायका कळवळायच्या.

"अहो दादूस, ठेवा ना! नातवाला टोपी तरी करा!" पाटकर वहिनी ओरडायच्या.

"नवी मुंबईत टोपी? घामोल्या येतील पोराला," तो म्हणायचा. "कलला ना कसा हाय तो? झाला तर मग."

मी एक स्वेटर पूर्ण केला की त्याचे अकरा फोटो काढायचे आणि ग्रुपवर टाकायचे. कोणी अंगठा दाखवला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकायचे. आणि हा माणूस उसवून टाकतो! कोणी बघितलं नाही तरी याचं काही अडत नाही! विणण्यापेक्षाही मी त्याच्या ह्या गोष्टीवर जास्त जळले असेन. विणणं निदान शिकता येतं.

आता त्या शब्दाचं सांगते, ज्यावरून सगळं झालं.

विणकामात टाके दोनच. सुलट आणि उलट. सगळी नक्षी, सगळे उंचवटे, खड्डे, वेण्या या दोघांच्याच जोरावर. आणि कापडाला बाजू दोन, त्यांनाही आपण सुलट बाजू आणि उलट बाजूच म्हणतो. इंग्रजीत टाक्याला एक शब्द आणि बाजूला दुसरा. आपल्याकडे दोन्हीला उलट. माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. माझ्या कागदावर एका नमुन्यात लिहिलेलं होतं, 'प्रत्येक उलट ओळ उलट.' आठ बायकांनी विणलं, त्यात तीन तऱ्हेचे तुकडे तयार झाले. मी म्हटलं, लक्ष नाही तुमचं, गप्पा मारता.

हा कागद लांब धरून बघत बसला. मग म्हणाला, "म्याडम, ही कोनची उलट?"

"कोणची म्हणजे?"

"टाक्याची उलट, कापडाच्या मागची उलट, का समोर दिसतोय त्याच्या उलट? तीन उलट हाईत. तुमी एकच लिवलीय."

"अय्या, खरंच की!" पाटकर वहिनी म्हणाल्या. "म्हणून माझं असं कुत्र्याने चघळल्यासारखं झालंय!"

सगळ्या हसल्या. तो हसला नाही, त्याला ते गंभीर वाटत होतं. "आमच्या ड्रॉइंगवर असा लिवला असता तर सायबानं फाडून टाकला असता," तो म्हणाला. मनात काही नव्हतं त्याच्या, पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अठ्ठावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वह्यांवर लाल शाई चालवली होती. माझ्या कागदावर कोणी चालवली नव्हती.

मग त्यानेच तोड काढली. कापडाची वरची बाजू म्हणजे पोट, मागची म्हणजे पाठ. टाका तेवढा उलट. महिन्याभरात सगळ्या बायका पोट-पाठ करायला लागल्या. 'दादूस, पाठीवरून चौथा टाका सुटला हो!' शहाण्यासुरत्या, शिकलेल्या बायका! मी मात्र माझ्या कागदांवर उलटच लिहीत राहिले. भाषा मी शिकवलेली आहे, म्हटलं. फिटरने मला शिकवायची गरज नाही.

खुर्च्या हळूहळू सरकल्या. आधी माझ्याभोवती अर्धगोल असायचा, तो खिडकीकडे गेला. कागद माझाच, पण अडलं की बायका त्याच्याकडे जायच्या. तो सांगायचा काही नाही. समोरच्याचं विणकाम हातात घ्यायचा, डोळे मिटून मागच्या बाजूने बोट फिरवायचा आणि बोट एका जागी थांबायचं. "हितं," म्हणायचा. तिथेच चूक असायची. दर वेळी. मी चाळिशी लावून, कागद धरून, ओळी मोजून अर्ध्या तासाने तिथेच पोचायचे.

मला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, ते तो लपवतही नव्हता. तरी कधी मला विचारायचा नाही. नमुना कळला नाही तर चाळीस वेळा विणेल, चाळीस वेळा उसवेल, पण 'म्याडम, मूळ कागदावर काय लिवलंय' म्हणून तोंड उघडणार नाही. मला वाटायचं, एकदा, फक्त एकदा, सगळ्यांसमोर याने मला विचारावं. बस. मग मी त्याला दादूससुद्धा म्हणाले असते.

तो मंडळात येऊन आठ वर्षं होत आली होती, त्यातच लेकीचा फोन आला. ती कॅनडात, पहिलटकरीण, बाळ ऐन थंडीत व्हायचं होतं. तिने एक नमुना पाठवला, बाळासाठी ब्लँकेटचा. उठावदार चौकडी, एक चौकोन वर आलेला, शेजारचा आत गेलेला, आणि चार चौकोन जिथे भेटतात तिथे बारीक दाणा. "आई, विकतचं नकोय मला. तू विणलेलं हवंय," ती म्हणाली. ही मुलगी कॉलेजात असताना मी विणलेला स्वेटर घालायला लाजायची. फोन ठेवून मी अर्धा तास नुसती बसून होते.

विणायला घेतलं आणि चौकोन घसरायला लागले. प्रत्येक चौकोन आधीच्यापेक्षा थोडा डावीकडे. तीन वेळा उसवलं. व्हिडिओ कॉलवर लेक म्हणाली, "दाखव ना गं, किती झालंय?" मी म्हटलं, "सरप्राइज आहे, अर्धं झालंय." झालं होतं चार बोटं, तेही वाकडं.

शेवटी मी काय केलं, तर तो नमुना मराठीत उतरवला, शेजारी फोटोची झेरॉक्स चिकटवली आणि मंडळात सगळ्यांना वाटला. 'या वेळचा नमुना,' म्हटलं. लेकीचं, ब्लँकेटचं कोणाला काही बोलले नाही. मला दुसऱ्या कोणाशी घेणं नव्हतं. तो काय करतो ते बघायचं होतं.

दोन आठवडे तो विणत आणि उसवत होता. मग एका शुक्रवारी तुकडा टेबलावर ठेवला. चौकोन फरशीसारखे सरळ.

"काठाचे टाके रांगेत धरू नका," तो बायकांना म्हणाला. "कागदावर तारा काढलाय ना, तिथनं पुढचाच परत परत करायचा. काठ म्हनजे उंबरा. उंबरा कोनी खोल्यांत मोजतो काय?"

मी दर वेळी उंबऱ्यासकट मोजत होते. मला तिथल्या तिथे कळलं, आणि इतका राग आला की विचारू नका. 'रिपीट' म्हणजे काय हे मी तीन पिढ्यांना शिकवलं आहे.

एरवी उकल झाली की तो लगेच उसवायचा. त्या दिवशी उसवला नाही. तुकडा उलटसुलट करून बघत बसला, झेरॉक्स डोळ्याजवळ नेली, पुन्हा लांब धरली. चाललंय स्वतःचं कौतुक, मी मनात म्हटलं. मग तुकडा पिशवीवर ठेवून तो हात धुवायला गेला. बायका चहाच्या कपांभोवती. मी तुकडा उचलला आणि पर्समध्ये घातला.

हो, चोरला. साठी उलटलेली बाई, निवृत्त शिक्षिका, मंडळाची संस्थापक. तो परत आला, पिशवीत बघितलं, खुर्चीखाली बघितलं. "वाऱ्यानं उडला काय?" म्हणाला. पाटकर वहिनींनी पंखा बंद केला. मी त्यांच्याबरोबर टेबलाखाली वाकून शोधू लागले. गुडघे दुखत असताना वाकले, म्हणजे बघा.

त्यानंतर मूळ इंग्रजी नमुना मी उघडलासुद्धा नाही. कशाला उघडायचा? तुकडा होता ना. भिंग घेऊन एकेक टाका मोजायचा आणि तसाच घालायचा. दोन महिन्यांत ब्लँकेट झालं. सरळ, मऊ, पिवळं. पार्सल करायच्या आदल्या दिवशी मी ते हॉलवर घेऊन गेले, लेकीच्या बाळासाठी म्हणून सगळ्यांना सांगितलं. न नेता आलं असतं. पण मला राहवेना.

"अगंबाई! हा तर तो दादूसना सुटलेला नमुना!" पाटकर वहिनी म्हणाल्या. "मॅडम, एवढं मोठं कसं हो जमवलंत?"

"मूळ इंग्रजी नीट वाचलं की सगळं असतं त्यात," मी म्हटलं. तो तीन हातांवर बसलेला असताना म्हटलं.

तो उठला, हात धुऊन आला, तीन वेळा साबण लावून. ब्लँकेटची पाठ वर केली, डोळे मिटले आणि बोट फिरवू लागला. बोट थांबलं. वर गेलं, पुन्हा थांबलं. आणखी वर, पुन्हा थांबलं. त्याने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं.

"मस्त हाय," तो म्हणाला. "लेकीच्या पोराला ऊब लागंल."

बायका गेल्या. तो गोळा गुंडाळत बसून राहिला. मी ब्लँकेटची घडी घालत होते, ती काही नीट होत नव्हती.

"म्याडम, तो तुकडा तुमी नेलात ना?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता.

"हो," मी म्हटलं. खोटं बोलायचं त्राण नव्हतं.

"मागितला असतात तर दिला असता. पन त्यात बारावी ओल पक्की नव्हती. फोटोत चौकोनांच्या जोडावर दाना हाय. माज्यात नव्हता. तुमी लिवला व्हता, 'बारावी ओल उलट.' मी सगली उलट टाक्यांची घातली. घालताना वाटत व्हता, ही ती उलट नसंल. लय डोका लावला, नाय जमला. म्हनून उसवला नव्हता. म्हटला, घरी अजून येकदा बघू, नायतर मंगलवारी सगल्या असतील तवा म्याडमना इचारू, इंग्रजीत काय लिवलंय. पन तुकडाच गेला."

मी ब्लँकेटकडे बघितलं. बारावी ओळ त्यात सोळा वेळा आली होती आणि सोळा वेळा माझ्याच शब्दाची चूक मी मोजून मोजून, भिंग लावून उतरवली होती. ते दुसऱ्या दिवशी तसंच गेलं. नात त्यातच वाढली, फोटोला दीडशे अंगठे आले, दाणा नाही हे आजवर कोणाला कळलेलं नाही.

"मंग आता सांगा," त्याने खुर्ची माझ्याजवळ ओढली. "काय लिवलंय?"

मी मोबाईल काढला, चाळिशी लावली. दोन महिन्यांनी तो नमुना उघडला. बाराव्या ओळीला अगदी स्वच्छ लिहिलेलं होतं.

"समोर सुलट दिसला तर त्यावर उलट घाला," मी वाचून दाखवलं. "उलट दिसला तर सुलट."

त्याने डोळे मिटले. हातात सुया नसताना बोटं हवेत दोन-चार टाके विणून आली. मग त्याचं तोंड असं काही उजळलं की मी आठ वर्षांत तसं बघितलं नव्हतं.

"हां!" तो म्हणाला. "म्हनजे समोरच्याच्या उलट. लय भारी, म्याडम. तुमी नसता तर मना हा जल्मात कलला नसता."

एवढं ऐकायला मी आठ वर्षं टपून बसले होते. मी मान वर करून हॉलभर बघितलं. सगळ्या खुर्च्या रिकाम्या होत्या.